मी सासूबाईंसोबत मागेच थांबू का?

पत्राचा सारांश: म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ऑगस्टमध्ये सासू-सासरे सांगलीहून सहा आठवड्यांसाठी यायचे आहेत. त्या काळात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या लिंझपर्यंत अशी तीन दिवसांची सायकल सहल करायची, असा नवऱ्याचा बेत आहे. मुलगी ९ वर्षांची, गिअरची सायकल चांगली चालवते. मुलगा ५ वर्षांचा. छोट्या सायकलवर उत्साहाने निघतो आणि लवकर दमतो. सासरे ६७ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, पण गावात आजही सायकलनेच फिरतात. सासूबाई कधीच सायकलवर बसलेल्या नाहीत, गुडघे दुखतात. पत्रलेखिकेची सायकल कॉलेजनंतर सुटली. गेल्या वर्षी मैत्रिणीची सायकल घेऊन बघितली, तेव्हा वळणावर पडल्या. त्या लिहितात, “मी आणि सासूबाई पासाऊच्या हॉटेलात थांबतो, बाकीच्यांनी जाऊन यावं. कुणाचीच अडचण होणार नाही. पण मुलगा माझ्याशिवाय राहील का, सासऱ्यांना झेपेल का, याचीही काळजी वाटते. नवरा म्हणतो, सगळा सपाट रस्ता आहे, नदीचा उतारच आहे, तू उगाच घाबरतेस. काय करू?”

नमस्कार,

तुमच्या पत्रात सासूबाईंचे गुडघे पुन्हा पुन्हा येतात आणि तुमचं पडणं एका ओळीत उरकतं. त्यामुळे आधी एक विचारते, राग मानू नका. मागे थांबण्याचं खरं कारण कोणतं? सासूबाईंना सोबत हवी हे की सायकलची भीती? दोन्ही कारणं खरी असतील, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत. भीतीवर तीन आठवड्यांत बरंच काही करता येतं. आणि सासूबाईंना सायकल येत नसली तरी त्यांना हॉटेलात बसवून ठेवायची गरज नाही, कारण या नदीत प्रवासी बोटी चालतात. शिवाय त्यांना काय हवंय हे अजून कुणी त्यांना विचारलेलं दिसत नाही. आजच फोन करून विचारा. ‘तुम्ही याल का?’ असं विचारलंत तर ‘नको, तुम्ही जा’ हेच उत्तर येणार. ‘दोन तास बोटीतून आलेलं चालेल का, की तेवढं बसून पाय आखडतात?’ असं विचारा.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे वळू. रस्ता सपाट आहे, हे खरं. उतार आहे, हे मात्र नावापुरतंच. पासाऊपासून लिंझपर्यंत काठाने सुमारे ९० ते ९५ किलोमीटर अंतर आहे आणि एवढ्या अंतरात नदी जेमतेम ३०-४० मीटर खाली उतरते. तीही मुख्यतः योकेनश्टाइन आणि आशाख इथल्या धरणांच्या पायऱ्यांनी. मधलं पाणी जवळजवळ संथ असतं. सायकलवर या उताराचा फायदा शून्य समजा. वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून येतो, त्याची थोडी मदत होते. पण पूर्वेचा वारा सुटला की तोच दिवस दीडपट लांब वाटतो.

सपाट रस्त्याची दुसरी बाजू फार कमी जण सांगतात. चढ-उतार असले की माणूस उतारावर पाय थांबवतो, चढावर सीटवरून उठतो. सपाटीवर यातलं काहीच होत नाही. सलग पेडल मारायचं आणि सलग बसून राहायचं. म्हणून नवख्या माणसाचे पाय दमण्याआधी बूड आणि मनगटं दुखू लागतात. त्यावर मऊ जेलच्या सीटचा फारसा उपयोग नसतो, कारण तिच्यात माणूस रुततो आणि घासणं वाढतं. दर दहा मिनिटांनी चार-पाच पेडलं उभं राहून मारायची आणि दर अर्ध्या तासाला उतरून दोन मिनिटं चालायचं, हा उपाय चालतो. उभं राहणं जमत नसेल त्यांनी उतरण्याचं अंतर कमी करावं. आतून जाड शिवण नसलेली पँट घाला. जीन्सची मधली शिवण दुसऱ्या दिवशी बसू देत नाही.

तीन दिवसांत ९५ किलोमीटर म्हणजे दिवसाला ३२. कागदावर हे सोपं दिसतं, कारण नवऱ्याने बहुधा स्वतःचा वेग धरला आहे. कुटुंबाचा हिशेब सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने करावा लागतो. गिअरच्या सायकलवर ९ वर्षांचं मूल तासाला साधारण १० किलोमीटर टिकवतं. ५ वर्षांचं मूल ७-८ चा वेग धरतं, तोही थोडा वेळ, आणि दिवसभरात ८-१० किलोमीटर झाले की त्याची सहल संपलेली असते. पेडल मारायला जितका वेळ, तितकाच थांबायला धरा. २५ किलोमीटरला अडीच तास पेडल आणि अडीच तास बाकी सगळं: फेरी (नदी ओलांडणारी बोट), शी-शू, जेवण, बदकं, नदीत दगड टाकणं. मुलांच्या दृष्टीने दुसरे अडीच तास हीच सहल असते आणि मला तेच बरोबर वाटतं. ३२ किलोमीटरचा दिवस सहा-सात तासांचा होतो. मुलीला एक दिवस तो जमेल. तीन दिवस ओळीने केला तर तिसऱ्या दिवशी ती सायकलला लाथ मारेल.

मग कुठवर जावं? माझं स्पष्ट मत आहे की सायकली वाटेतल्या श्ल्योगन गावापर्यंतच चालवाव्यात आणि लिंझ बोटीने गाठावं. पासाऊ ते एंगेलहार्ट्‌सझेल सुमारे २५ किलोमीटर, तिथून श्ल्योगन आणखी १५. श्ल्योगनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. वरच्या कठड्यावरून ते पूर्ण वळण दिसतं. चढून जायला अर्धा-पाऊण तास लागतो. या भागातला हा सर्वांत देखणा पट्टा. लिंझजवळचा शेवटचा तुकडा मात्र मोठ्या रस्त्याच्या कडेने जातो. सायकलची वाट स्वतंत्र असली तरी गाड्यांचा आवाज सतत कानात, आणि हा तुकडा नेमका दमलेल्या दिवशी येतो. नवऱ्याला लिंझची हौस असेल तर श्ल्योगनहून सायकलींसकट बोटीत बसा. वाटेत आशाखच्या जलपाशात बोट सुमारे १५ मीटर खाली उतरते. दरवाजे बंद होतात, पाणी ओसरतं, ओली भिंत वर वर जाते. ५ वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी गोष्ट दाखवता येणार नाही. परत यायला लिंझ–पासाऊ रेल्वे आहे, प्रादेशिक गाडीने साधारण दीड तासाची.

रेल्वेबद्दल एक गोष्ट बेत आखतानाच लक्षात घ्या. पासाऊ–लिंझ रेल्वे नदीकाठाने जात नाही, ती आतून, वेल्स या शहरामार्गे जाते. पासाऊ सोडल्यावर काठावर थेट ओटेन्सहाइमला स्टेशन लागतं आणि ते लिंझच्या अगदी जवळ आहे. म्हणजे मधल्या खोऱ्यात कुणी दमलं, पाऊस लागला, मूल आजारी पडलं, तर ‘पुढच्या स्टेशनवरून गाडी धरू’ असं म्हणता येत नाही. तिथे बोट, तुरळक बस किंवा टॅक्सी एवढंच हाताशी असतं. त्यामुळे प्रत्येक मुक्काम बोटीच्या धक्क्याजवळ घ्या.

आता सासूबाई. उन्हाळ्यात पासाऊहून खाली जाणाऱ्या बोटी एंगेलहार्ट्‌सझेल, श्ल्योगन अशा ठिकाणी थांबतात, सायकलीही घेतात. प्रत्येक बोट रोज नसते, म्हणून सहलीचे वार बोटीच्या वेळापत्रकावरून ठरवा. सायकलवाले सकाळी साडेआठला निघाले आणि सासूबाई दुपारच्या बोटीने दोनेक तासांत पोचल्या, तर संध्याकाळी सगळे एकाच अंगणात. त्यांना एकटं बोटीत बसवू नका, कारण भाषा येत नाही आणि कोणत्या धक्क्यावर उतरायचं हे नुसतं सांगून भागत नाही. पण सोबतीला दर वेळी तुम्हीच का? पहिल्या दिवशी तुम्ही, दुसऱ्या दिवशी नवरा. त्यांचा स्वतःचा मुलगाच आहे तो. सहा आठवड्यांच्या गडबडीत आईशी दोन तास निवांत बोलायला त्यालाही एरवी वेळ मिळणार नाही. मुलगा कंटाळला तर त्यालाही आजीबरोबर बोटीत पाठवता येतं.

सासऱ्यांना झेपेल का, याचं उत्तर ताकदीपुरतं बहुधा ‘हो’ आहे. भारत सोडण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि प्रवासी विम्यात सायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का, तेही वाचा. मला त्यांच्या बाबतीत काळजी वाटते ती पन्नास वर्षांच्या सवयीची. सांगलीत ते डाव्या बाजूने चालवतात. नदीकाठच्या अरुंद वाटेवर समोरून सायकल आली की त्यांचा हात आपोआप डावीकडे वळेल, म्हणजे थेट समोरच्याच्या अंगावर. मोठ्या रस्त्यावर माणूस सावध असतो. असा घोटाळा शांत वाटेवरच होतो. दुसरं म्हणजे ब्रेक. जर्मनीत डाव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, उजव्या हाताचा मागच्या. आपल्याकडच्या अनेक सायकलींवर याच्या उलट. घाईत उजवा हलका आणि डावा जोरात दाबला, की पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तिसरं, भाड्याच्या साध्या सायकलींना अनेकदा उलटं पेडल मारलं की लागणारा ब्रेक असतो. आपल्याकडे थांबल्यावर पेडल हवं तिथे आणायला माणूस सहज उलटं फिरवतो. इथे तसं केलं की मागचं चाक जागीच धरतं. सायकल घेताना ‘फ्राइलाउफ’, म्हणजे उलटं पेडल मोकळं फिरणारी मागा. मिळाली नाही तर त्यांना अर्धा तास मोकळ्या जागेत तेवढंच करू द्या.

त्यांच्यासाठी बॅटरीवरची सायकल घ्यायचा विचार असेल, तर सपाटीवर तिची गरज नाही. ती साधारण २५ किलो भरते आणि फेरीच्या उतरंडीवर सांभाळताना घसरते. शिवाय उभं असताना पेडलवर पाय टेकवला तरी ती पुढे उसळते. बॅटरीची सायकल ट्रेलर, म्हणजे मुलाला बसवून सायकलमागे ओढायची गाडी, ओढणाऱ्या माणसाला द्या, तिथे तिचा खरा उपयोग. सायकलवर बसताना दोन्ही ब्रेक दाबून ठेवायचे आणि मोटरची मदत सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवायची.

आता तुमच्याकडे. वळणावर पडलात, म्हणजे तुम्ही सायकल चालवत होतात. तोल तुम्हाला येतो. सुटलंय ते निघणं, थांबणं आणि हळू वळणं. नवख्यांच्या पडण्याच्या जागा बहुधा याच तीन असतात. मैत्रिणीच्या सायकलची सीट तिच्या उंचीला होती का, हेही आठवून बघा. पाय जमिनीला पुरत नसले, की वळणावर वेग कमी होताच माणूस घाबरतो आणि हँडल जास्त फिरवतो.

मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या. नेहमीची सीट किती उंच हवी, तर टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा. तुम्ही पहिले दोन आठवडे त्याच्या तीन-चार सेंटीमीटर खाली ठेवा, म्हणजे दोन्ही पाय टेकतील. पहिल्या दिवशी पेडलं काढूनच टाका. १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट दिशेने सैल होतं, डावं मात्र घड्याळाच्या दिशेने. त्याचे आटे उलटे असतात आणि हे माहीत नसलं की माणूस ते आणखी घट्ट करत बसतो. बिनपेडलच्या सायकलवर बसून पायांनी ढकलत जा, मग दोन्ही पाय उचलून पाच मीटर, दहा मीटर. पाऊण तासात शरीराला जुनं आठवू लागतं. पेडलं परत बसवल्यावर निघण्याचा सराव करा. उजवं पेडल वर आणि थोडं पुढे आणायचं, डावा पाय जमिनीवर, ब्रेक सोडायचा, उजव्यावर पूर्ण भार देऊन मगच बसायचं. थांबताना आधी वेग कमी, मग डावा पाय खाली, हँडल सरळ. वळताना नजर पुढच्या चाकाकडे गेली की सायकल तिथेच जाते, म्हणून जिथे पोचायचंय तिथे बघायचं. आतल्या बाजूचं पेडल वर.

एका दिवशी तीन तास करण्यापेक्षा आठवड्यातून चार वेळा अर्धा तास करा. रविवारी दुकानं बंद असल्याने त्यांच्या समोरच्या फरशा मोकळ्या मिळतात. जागा खासगी असेल तर विचारून घ्या. तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी वाढवा: सरळ चालवत खांद्यावरून मागे बघणं आणि एक हात सोडून इशारा देणं. या दोन्ही जमल्या आणि म्युनिकमध्ये इसार नदीच्या काठाने १२-१५ किलोमीटर न घाबरता झाले, तर पासाऊला सायकल घ्या. जमल्या नाहीत तर बोटीत बसा आणि मुक्कामाच्या गावात संध्याकाळी मुलांबरोबर दोन किलोमीटर फिरा. तेही सहलीत असणंच आहे. नवऱ्याला ‘तू उगाच घाबरतेस’ याऐवजी करायला काम द्या: सरावाच्या त्या अर्ध्या तासात मुलं त्याने सांभाळायची.

५ वर्षांच्या मुलासाठी दोन पर्याय आहेत. एक ट्रेलर, त्यात तो जेवणानंतर झोपतोही. दुसरा, त्याची सायकल पुढचं चाक उचलून मोठ्या सायकलला मागे अडकवण्याचा जोड. म्हणजे मन असेल तेव्हा तो स्वतः चालवतो आणि दमला की ओढला जातो. तुमचा मुलगा उत्साहाने निघतो आणि पटकन दमतो, तर हा जोड त्याच्यासाठीच केलाय असं वाटेल, पण त्यावर झोपता येत नाही. दिवसभरासाठी मी ट्रेलर निवडेन. कोणताही घेतला तरी तो मागच्या चाकाच्या अक्षाला बसतो आणि अक्षांचे प्रकार वेगवेगळे असतात. त्यामुळे सायकल एकीकडून आणि ट्रेलर दुसरीकडून घेतला की ऐनवेळी जोड बसत नाही. एकाच दुकानातून, बसवून, ओढून बघून घ्या. ट्रेलर सायकलपेक्षा बराच रुंद, वाटेवरच्या खांबांमधून मधोमध जावं लागतं. वळणावर आतून कापतो. ब्रेकला जास्त अंतर लागतं. उंच झेंडी लावाच. चालताना क्रम असा ठेवा: पुढे सासरे, मागे मुलगी, तिच्या मागे किंचित डावीकडे एक मोठं माणूस, शेवटी ट्रेलर. मुलगी सगळ्यात पुढे पळाली तर फाट्यावर थांबायचं, हे आधीच ठरवा.

कायद्याचं थोडं. नदीचा उजवा काठ पासाऊनंतर पाच किलोमीटरच्या आत ऑस्ट्रियात जातो, डावा योकेनश्टाइनपर्यंत जर्मनीत राहतो. ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, ट्रेलरमध्ये बसलेल्यालाही. म्हणून पासाऊतूनच घालून निघा, आणि ट्रेलरमध्ये हेल्मेटमुळे मान पुढे ढकलली जात नाही ना ते बघा. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट आणि तुमची निवास परवान्याची कार्डं मूळच न्या, फोटो चालत नाही. ऑस्ट्रियाकडून जर्मनीत शिरताना २०१५ पासून तपासणी सुरू झाली आहे आणि ती रेल्वेगाडीतही होते.

कोणत्या काठाने जायचं, हा प्रश्न नकाशा बघताना पडेल, कारण वाट दोन्हीकडे आहे. एंगेलहार्ट्‌सझेलपर्यंत कोणताही काठ घ्या. दोन्हीकडे शेजारून गाड्यांचा रस्ता जातो, पण सायकलींची वाट वेगळी आहे. ओबर्नझेलला गाड्या नेणारी फेरी आहे, तिथे काठ बदलता येतो. एंगेलहार्ट्‌सझेलहून छोट्या फेरीने डाव्या काठावर क्रामेसाउला या. तिथून खाली डावा काठ शांत आहे, मुलीला मोकळं सोडता येईल. आउ गावापर्यंत जा आणि तिथून फेरीने पलीकडे श्ल्योगन. चूक होते ती इथेच. आउच्या पुढे डाव्या काठावर डोंगर थेट पाण्यात उतरतो, वाटच नाही. पुढे ग्राफेनाउपर्यंत फेरीनेच जावं लागतं. संध्याकाळी फेरी बंद झाल्यावर आउला पोचलेल्यांना नीडररानाच्या पुलापर्यंत मागे यावं लागतं. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच टिपून ठेवा आणि सुटे युरो जवळ ठेवा, छोट्या फेऱ्यांवर कार्ड चालेलच असं नाही.

काठावर पांढऱ्या पाट्यांवर आकडे दिसतील. ते समुद्राकडून मोजलेले किलोमीटर आहेत, पासाऊला साधारण २२२६ आणि श्ल्योगनला २१८७. जाताना ते कमी होत जातात. ‘अजून किती?’ हे मुलीला तुम्हाला विचारावं लागणार नाही.

जेवणाचं नियोजन घरूनच हवं. खोऱ्यातली खानावळ आठवड्यातून एखाद-दोन दिवस बंद असते, दुपारी दोननंतर स्वयंपाकघर अनेक ठिकाणी थांबतं, रविवारी किराणा मिळत नाही. दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू हे सगळं दोन दिवस टिकतं. सासू-सासरे शाकाहारी असतील तर सूपकडे लक्ष द्या: भाज्यांचं किंवा पॅनकेकच्या पट्ट्यांचं दिसलं तरी खालचं पाणी बहुधा गोमांसाच्या रश्शाचं असतं. कायझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेलं पॅनकेक, गोड असतं, पण त्यात अंडी असतात. चीजच्या श्पेट्झलेत, म्हणजे तिथल्या छोट्या शेवयांतही, अंडं असतं. बीपीच्या गोळ्या सासऱ्यांच्या स्वतःच्या पिशवीत ठेवा, पुढच्या मुक्कामी पाठवलेल्या बॅगेत नकोत.

पंक्चरचं साहित्य घेताना चाकांचे तिन्ही आकार बघा: मोठ्यांचं, मुलीचं आणि ट्रेलरचं. प्रत्येकाची एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, ठिगळं. पंप सगळ्या व्हॉल्व्हना बसतो का ते दुकानातच तपासा. मागच्या चाकात बंद गिअर आणि पेडलचा ब्रेक असेल तर चाक काढायच्या भानगडीत पडू नका. सायकल आडवी करा, टायरची एक कड सोडवा, तेवढीच ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावा.

गवतात बसल्यावर संध्याकाळी मुलांच्या काखा, गुडघ्यामागचा भाग आणि केसांची कड तपासा. पासाऊच्या भागात आणि वरच्या ऑस्ट्रियात गोचिडीतून मेंदूज्वर पसरतो. त्याची लस मुलांना दिली आहे का हे डॉक्टरांना आधीच विचारा, कारण दोन डोसांमध्ये अंतर लागतं. पुराचंही लक्षात ठेवा. जून २०१३ मध्ये पासाऊला पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतर इतकं कधी चढलं नव्हतं. तुमच्या वेळी तसं काही होण्याची भीती बाळगू नका, पण आठवडाभर आल्प्समध्ये जोराचा पाऊस झाला असेल तर काठची वाट साध्या चढत्या पाण्यानेही बंद होते. निघण्यापूर्वी पाण्याची पातळी बघा.

अशाच पेचात असलेल्या पण ज्यांच्याकडे ज्येष्ठ मंडळींना यापेक्षा कमी झेपतं, त्यांनी डॅन्यूबच्याच काठचा, ऑस्ट्रियात आणखी पूर्वेला असलेला मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ खोऱ्याचा ३५-३६ किलोमीटरचा पट्टा बघावा. तिथे बोटी आहेत, दोन्ही टोकांना रेल्वे आहे, जुलैत जर्दाळू असतात. म्युनिकहून लांब पडतो, एवढंच.

तुमच्यासाठी तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली घ्या, मंगळवार ते शुक्रवार. बायर्नच्या (बव्हेरियाच्या) शाळांना तेव्हा सुट्टी असते, ऊन उतरलेलं असतं, बोटी चालू असतात आणि रेल्वेगाड्यांत शनिवार-रविवारइतक्या सायकली नसतात. स्वतःच्या सायकली म्युनिकहून न्यायच्या भानगडीत पडू नका, पासाऊला भाड्याने घ्या. मंगळवारी दुपारी पोचून सायकली ताब्यात घ्यायच्या आणि तीन-चार किलोमीटर फक्त ब्रेक आणि उजवी बाजू अंगवळणी पाडायची. बुधवारी एंगेलहार्ट्‌सझेल, गुरुवारी श्ल्योगन आणि कठडा, शुक्रवारी बोट. मात्र आधी बोटीचं वेळापत्रक बघा. ते या वारांशी जुळत नसेल तर वार बदला. त्यानंतर धक्क्याजवळच्या दोन खोल्या, मग ट्रेलरसकट सायकली, आणि शेवटी रेल्वेची तिकिटं. लिंझहून परतणार असाल आणि सायकली पासाऊला द्यायच्या असतील, तर गाडीत सायकलींचं वेगळं तिकीट लागतं आणि ट्रेलर घडी करून न्यावा लागतो.